कुंभार्ली घाट उतरून खाडीवर जाताय? प्राणिप्लवकांचे नमुने घेताना या चुका टाळा

कराडहून दाभोळच्या खाडीवर गेलेली आमची मुलं परततात तेव्हा बाटल्या भरलेल्या असतात, वही मात्र कोरी. सगळं तिथंच बिघडतं. प्राणिप्लवक म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव. पाणी बदललं की त्यांची वस्ती बदलते. क्षारता, तापमान, गढूळपणा, भरतीची वेळ लिहिली नसेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली कितीही नेटानं मोजा, त्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आपल्याच धरणाला विसरणं. पश्चिम किनाऱ्यावरच्या खाड्या पावसाळ्यात गोड्या आणि उन्हाळ्यात खाऱ्या, असं आपण शिकवतो. दाभोळच्या खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीला हे जसंच्या तसं लावू नका. सातारा जिल्ह्यातलं कोयनेचं पाणी वीज देऊन घाटाखालच्या पोफळीकडे उतरतं आणि वाशिष्ठीला मिळतं. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादानं या पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे, यावरून त्याचा आवाका कळेल. त्यामुळे ऐन एप्रिलातही खाडीच्या वरच्या अंगाला गोडं पाणी येतं, आणि विजेच्या मागणीप्रमाणे ते कमी-जास्त होतं. चिपळूणच्या बाजूच्या नमुन्यात ब्रॅकिओनससारखे गोड्या पाण्यातले रोटिफर (चक्रधर सूक्ष्मजीव) दिसले, तर जाळं नीट धुतलं नसेल असं म्हणून ते यादीतून खोडू नका. आधी क्षारता बघा. गोडं पाणी हलकं असतं, ते वर राहतं आणि खारं खालून सरकतं. म्हणून वरचं आणि तळाचं, दोन्ही पाणी तपासा. समुद्राच्या तोंडाशी क्षारता ३५ च्या आसपास (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) असेल, तर टेमोरा, पॅराकॅलॅनस हे कोपेपॉड (कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव), बाणासारखे पारदर्शक सॅजिटा अशी वस्ती शोधा. मधल्या मचूळ पाण्यात तग धरणारा कोपेपॉड म्हणजे अकार्टिया. मला तरी गोड्याकडून खाऱ्याकडे बदलत जाणारी ही वस्ती बघण्यासारखी दुसरी शाळा माहीत नाही.

वेळेचंही तसंच. भरतीला घेतलेला नमुना समुद्राचा असतो, सहा तासांनी त्याच जागी ओहोटीला घेतलेला खाडीचा. दोन ठिकाणांची तुलना करायची तर भरतीची स्थिती एकच ठेवा, उधाण (मोठी भरती) आहे की भांग (लहान भरती) तेही लिहा. बरेच कोपेपॉड दिवसा खाली जातात, रात्री वर येतात. सकाळी अकराला वरवर जाळं ओढून बाटली रिकामी निघाली, की मुलं लगेच ‘प्रदूषण’ लिहितात. हा निष्कर्ष त्या बाटलीतून निघत नाही.

तळ्यावर रोटिफरसाठी वापरलेलं ५०-६० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रांचं जाळं गढूळ खाडीत पटकन तुंबतं. तिथं २०० मायक्रॉनचं घ्या, पण त्यातून कोपेपॉडांची पिल्लं निसटतात हे नोंदवा. ५० सेंटीमीटर व्यासाच्या तोंडाचं जाळं १०० मीटर ओढलं तर सुमारे १९.६ घनमीटर पाणी गाळलं जातं, तेही जाळं तुंबलं नाही तरच. तोंडात किती पाणी गेलं ते मोजणारं फ्लोमीटर नसेल तर ओढ लहान ठेवा.

पावसाळ्याचे रकाने मोकळे सोडू नका. मासेमारीबंदीत नाव मिळाली नाही तर निदान धक्क्यावरून बादलीनं पाणी घेऊन गाळा. याच काळात आणि पाऊस ओसरताना पेनिलिया, इव्हाडनी हे क्लॅडोसेरा (पाणपिसवा) नराशिवाय प्रजनन करत एकाएकी वाढू शकतात. नुसता हिवाळा पाहिलेल्याला ते कळणारच नाही.

नमुना टिकवायला घालतात त्या फॉर्मॅलिनचा घोटाळा दरवर्षी होतो. बाटलीतल्या द्रवात ३७ ते ४० टक्के फॉर्मॅल्डिहाइड असतं. ‘चार टक्के’ म्हणून शंभर मिलीत चार मिली टाकलं, तर प्रत्यक्षात फॉर्मॅल्डिहाइड दीड टक्काच होतं आणि नमुना सडू शकतो. नऊ भाग नमुना, एक भाग फॉर्मॅलिन हे प्रमाण धरा. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत काम करा. थोडा बोरॅक्स घाला, नाहीतर आम्लामुळे शिंपल्या-गोगलगायींच्या अळ्यांची कवचं विरघळतात. हे खाडीवरच उरका. घाट चढेपर्यंत थांबलात तर उन्हात बरेच जीव ओळखण्यापलीकडे जातात. मोठे जेलीफिश आधीच वेगळे काढून मोजा, एकटाच बाटलीचं घनफळ फुगवतो. आणि ठिकाण, वेळ, क्षारतेची चिठ्ठी पेन्सिलनं लिहून बाटलीच्या आत टाका. पेनाची शाई पुसते.