दवाखान्यात भरती आहात? घरच्या गोळ्यांच्या या चुका टाळा

पेशंट भरती झाला की कपडे, तांब्या, डबा यांच्यासोबत गोळ्यांची पिशवी येतेच. बीडहून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात आलेला पेशंट असो की तालुक्याच्या खासगी दवाखान्यातला, तिचा कारभार नातेवाईकच बघतात. पिशवी जरूर आणा. फक्त सिस्टरला न विचारता तिच्यातली एकही गोळी देऊ नका.

सगळ्यात जास्त घोळ डबल डोसचा. घरच्या स्ट्रिपवर एका कंपनीचं नाव, वॉर्डातल्या गोळीवर दुसरं. आत दोन्हीकडं बीपीचं एकच औषध, ॲम्लोडिपिन. सकाळी सिस्टर गोळी देऊन गेल्या. थोड्या वेळानं सून म्हणते, "मामा, तुमची बीपीची गोळी राहिली की!" मामा घेतात, संडासला उठतात आणि चक्कर येऊन पडतात. म्हणून मोठं नाव सोडा, खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव बघा. मेडिकलवाल्यानं स्ट्रिप कापून दिली असेल तर ते नाव आणि एक्स्पायरी बऱ्याचदा तुकड्यावर नसतंच. अशा सुट्या गोळ्या ओळखायच्या कशा?

शुगरच्या पेशंटला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलंय आणि सवयीनं ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी दिली, तर शुगर एकदम उतरते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की लगेच सिस्टरला बोलवा. इन्सुलिन घरचं असेल तर तेही त्यांच्याकडेच द्या. परभणीच्या मे महिन्यात खिडकीजवळच्या पिशवीत ते खराब व्हायला वेळ लागत नाही.

रक्त पातळ होण्याची गोळी डॉक्टरांनी ऑपरेशनआधी बंद केली असेल तर ती गुपचूप देऊ नका, रक्तस्राव आवरत नाही. पण हृदयाच्या नसेत स्टेंट (जाळी) बसवलेल्यानं ती आपल्या मनानं बंदही करू नये. फिट्सच्या गोळीचंही तसंच. ती केसपेपरवर दिसत नसेल तर त्याच दिवशी विचारा.

गुडघेदुखीच्या पुड्यांबद्दल मात्र लोक ओठ शिवून बसतात. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड सापडलेलं आहे, आणि बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड अचानक थांबलं तर बीपी कोसळू शकतो. डॉक्टर रागावले तर रागावू द्या, पुडी दाखवा.

गोळी देऊन झालीच असेल तर उलटी काढू नका. कोणती, किती, किती वाजता दिली, एवढं स्ट्रिपसकट सांगा. दवाखान्यातून घरी सोडतील त्या दिवशी तीच पिशवी डॉक्टरांपुढं रिकामी करा आणि बंद झालेल्या स्ट्रिपवर पेनानं 'बंद' लिहून घ्या.