गाइड सोबत आहे म्हणून होणाऱ्या चुका: ठाणे-नवी मुंबईकरांनो, हिमालयातल्या ट्रेकआधी या टाळा

कळसूबाईचा माथा १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. उत्तराखंडातलं सांक्री, म्हणजे हर की दून आणि केदारकांठाचे ट्रेक जिथून सुरू होतात ते गाव, साधारण १९०० मीटरवर आहे. मनाली तर दोन हजारांच्याही वर. थोडक्यात, ट्रेक सुरू व्हायच्या आदल्या रात्री आपण जिथे मॅगी खात सॅक भरत बसतो, ते ठिकाणच आपल्या सगळ्या गडकिल्ल्यांच्या वर असतं.

एवढं डोक्यात ठेवलं तर पुढच्या निम्म्या चुका टळतात. कारण आपल्याकडच्या मंडळींच्या चुका अनुभव नसल्यामुळे कमी आणि सह्याद्रीतला अनुभव असल्यामुळे जास्त होतात. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्या माणसाला चढाची भीती राहत नाही, आणि इथे तर पैसे भरून गाइडही घेतलेला असतो. मग काळजी कसली? पण गाइडला तुमची चाल दिसते, तुमचं डोकं दुखतंय हे दिसत नाही. तुम्ही जे सांगाल त्यावरच त्याचा अंदाज चालतो. निघण्याआधी त्याला नीट न विचारणं आणि वर गेल्यावर त्याला खरं न सांगणं, बहुतेक घोटाळे या दोन ठिकाणीच होतात.

रजेला बसेल तो ट्रेक निवडणं

ऐरोली-महापेच्या ऑफिसातून सलग आठ दिवस रजा मिळणं किती कठीण असतं हे वेगळं सांगायला नको. म्हणून सहा दिवसांचा ट्रेक चार दिवसांत करून देणारा शोधला जातो, आणि असा कोणीतरी सापडतोच. कापलेले ते दोन दिवस नेमके शरीराला उंचीची सवय व्हायचे असतात.

समुद्रसपाटीला मिळतो त्याच्या जवळपास दोन तृतीयांशच ऑक्सिजन ३५०० मीटरवर मिळतो. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही खाडीकाठी, म्हणजे आपली सुरुवात अगदी शून्यावरून. डॉक्टर मंडळींचा साधारण नियम असा: ३००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. इथे उंची मोजायची ती झोपण्याच्या जागेची. दिवसभरात वर जाऊन परत खाली येऊन झोपलात तर चालतं, उलट फायद्याचंच.

म्हणून बुकिंग करताना ‘समिट किती मीटर?’ याच्याबरोबर ‘रोजचा मुक्काम किती मीटरवर?’ हेही विचारा. यादी मागवा आणि वजाबाकी स्वतः करा. हमटा खिंडीसारख्या ट्रेकमध्ये मनाली सोडल्यावर काही दिवसांतच ४२०० मीटरच्या वर पोचतो. अशा वेळी आधी मनालीत एक दिवस जास्त काढलेला बरा. परतीच्या प्रवासालाही एक मोकळा दिवस हवाच. देहरादून ते सांक्री हा डोंगरी रस्ता अख्खा दिवस खातो, आणि पावसाळ्यात दरड कोसळली तर दोन. सोमवारी सकाळी पंच करायचंच आहे असं ठरवून आलेला माणूस वर गेल्यावर हट्टीपणा करतो, तो याच घाईतून.

‘सब ठीक?’ ‘हां भैया, एकदम!’

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. संध्याकाळी तंबूत गाइड विचारतो, सगळे ठीक म्हणतात. कोणाला आपल्यामुळे गट थांबायला नको असतो, कोणाला पैसे फुकट जाण्याची धास्ती, तर कोणाला सोबतच्या पोरांसमोर कमीपणा वाटतो. रात्री गुपचूप क्रोसिन घेतली जाते आणि सकाळी डोकं उतरलेलं असतं. गाइडला काहीच कळलेलं नसतं.

विरळ हवेचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर, तिथे पोचल्यावर काही तासांनी सुरू होतो. डोकेदुखी, आणि तिच्या जोडीला मळमळ, भूक मरणं, चक्कर किंवा विनाकारण गळून गेल्यासारखं वाटणं. तब्येत धडधाकट असली म्हणजे हा त्रास होत नाही, असं अजिबात नाही. मॅरेथॉन धावणारा मुलगा आडवा होतो आणि त्याचे साठीचे काका निवांत चालत राहतात. उलट तरुण मुलं वेगाने चढतात म्हणून जास्त अडकतात.

सुरुवातीचा सौम्य त्रास असेल तर उपाय साधा आहे: त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. विश्रांती घ्यायची, पाणी प्यायचं, थोडं का होईना खायचं. बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. वेदनाशामक गोळी घेऊ नये असं नाही, पण घेण्याआधी गाइडला सांगा. झोपेची गोळी आणि दारू मात्र पूर्ण बंद.

धोक्याची लक्षणं वेगळी. बसल्या जागी धाप लागणं, सततचा खोकला, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी म्हणजे फुप्फुसात पाणी साचतंय. बोलण्यात गोंधळ, तोल जाणं, दारू प्यायल्यासारखी चाल म्हणजे मेंदूवर सूज येतेय. सरळ रेषेत एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत चालायला सांगा. जमत नसेल तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्र असली तरी खाली. पाचशे-हजार मीटर उतरल्यावर बराच फरक पडतो. अशा माणसाला एकट्याने कधीही खाली पाठवू नका. आणि तो ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी ऐकू नका, कारण तेव्हा त्याचा मेंदूच ठिकाणावर नसतो.

डायमॉक्सबद्दल दोन शब्द. ही गोळी उंचीची सवय व्हायला मदत करते, पण ती घेऊन कितीही वेगाने चढता येतं असा परवाना मिळत नाही. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला जास्त वेळा जावं लागतं. हे आधी माहीत नसलं की मध्यरात्री बर्फात तंबूची चेन उघडताना शिव्या निघतात.

करोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर आता प्रत्येक सॅकमध्ये असतो. खुशाल न्या, पण घरचा ९५ चा हिशोब तिथे लावू नका. साडेतीन-चार हजार मीटरवर धडधाकट माणसाचा आकडाही ऐंशीच्या घरात दिसतो. गार पडलेलं बोट किंवा नेलपॉलिश यामुळे तो आणखी चुकतो. आकडा चांगला आहे म्हणून डोकेदुखी लपवायची नाही, आणि आकडा कमी दिसला म्हणून माणूस मस्त जेवत-हसत असताना तंबूत घबराट पसरवायची नाही.

माळ्यावरचे बूट

तीन वर्षांपूर्वी महागडे बूट घेतले, एकदाच वापरले, खोक्यात घालून माळ्यावर ठेवले. आता ट्रेकच्या आदल्या रात्री काढले तर नव्यासारखे चकचकीत. आणि ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी तळवा तोंड उघडतो.

यात नशिबाचा दोष नाही. बऱ्याच ट्रेकिंग बुटांच्या मधल्या थरात पॉलियुरेथेनचा फोम असतो. हवेतला ओलावा हळूहळू तो फोम तोडत राहतो, बूट वापरा की नुसते ठेवा. वाशी, नेरूळ, कोलशेतसारख्या खाडीलगतच्या भागात, बंद कपाटात, चार-पाच पावसाळे काढलेल्या बुटांचं हे ठरलेलं दुखणं. पावसाळी जॅकेटच्या आतलं अस्तर पापुद्र्यासारखं सुटतं आणि सॅकचं कव्हर आतून चिकट होतं, तेही याच कारणाने.

निघायच्या महिनाभर आधी बूट काढा. मधल्या थरावर अंगठा दाबून पाहा. भेगा दिसल्या, भुगा पडला किंवा चिकट लागलं तर नवे घ्या. बूट ठीक वाटले तरी भरलेली सॅक घेऊन उपवनातून येऊरचा रस्ता किंवा बेलापूरची पारसिक टेकडी दोन-तीनदा चढून-उतरून या. नवे बूट असतील तर ही फेरी जास्तच गरजेची. विमानात बसताना पहिल्यांदा घातलेला बूट म्हणजे फोड आलेच.

डोंगरात तळवा सुटलाच तर फेविक्विकच्या मागे लागू नका, वाकताच तो जोड तडकतो. तळवा कोरडा करा, नायलॉनची पातळ दोरी टाच आणि चवड्याच्या मधल्या खोलगट भागाखालून घेऊन वर घट्ट बांधा, त्यावर डक्ट टेप गुंडाळा. ओल्या तळव्याला टेप चिकटत नाही, हे तिथे गेल्यावर कळून उपयोग नाही. टेपचं अख्खं रीळ वाहायची गरज नसते, पाण्याच्या बाटलीवर थोडा गुंडाळून ठेवला की झालं. सांक्रीसारख्या पायथ्याच्या गावात बूट भाड्याने मिळतात, पण ते घ्यायची वेळ ट्रेक सुरू होण्याआधीची.

दम आहे, गुडघे नाहीत

तयारी म्हणून बहुतेकजण तलावपाळीला किंवा पाम बीच रोडवर धावतात. फुप्फुसांना ते चांगलं, पण हिमालयात रडवतो तो उतार. पाच-सहा तास सलग उतरताना मांड्या थरथरतात आणि अंगठ्याची नखं काळी पडतात. आपल्या टॉवरांचा इथे फायदा करून घ्या. लिफ्टने वर जायचं आणि पाठीवर आठ-दहा किलो घेऊन जिन्याने उतरायचं. शेजारी विचित्र नजरेने पाहतील, पाहू देत. दोन दिवस सलग ओझं घेऊन चालायचा सराव हवा असेल तर हिवाळ्यात रतनगड ते हरिश्चंद्रगड, कात्राबाईच्या खिंडीतून. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय म्हणतात ते तिथे कळतं. निघण्याआधी नखं कापा, आणि उतारावर बुटाची नाडी घोट्यापाशी आवळा म्हणजे पाय पुढे घसरत नाही.

कपड्यांबद्दल थोडक्यात

सुती टी-शर्ट आणि जीन्स नकोत, ओलं सुती कापड अंगातली ऊब ओढून घेतं. एक जाड जॅकेट आणण्यापेक्षा तीन पातळ थर आणा. चालताना घातलेले कपडे झोपताना बदला, निदान मोजे तरी. सॅकला वरून कव्हर असलं तरी आतून मोठी प्लास्टिकची पिशवी लावा. खेचरावर द्यायच्या सामानाला तर हवीच, कारण वाटेत सर आली तर तुमची बॅग सोडवायला कोणी थांबत नाही. बर्फावर गॉगल काढू नका. डोळे जळजळायला लागतात ते काही तासांनी, रात्री तंबूत, आणि तोवर इजा झालेली असते.

‘एवढ्या पहाटे कशाला उठवतात?’

आपला ओढा पावसाने फुगतो, तेव्हा आभाळ बघून आपल्याला अंदाज येतो. हिमालयातला ओढा लख्ख उन्हात फुगतो. दुपारपर्यंत वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी गुडघ्यापर्यंत असलेलं पाणी मांडीला लागतं. खिंडीवरचा बर्फही पहाटे कडक असतो, दुपारी पाय रुततात, आणि ढगही बहुधा दुपारनंतरच दाटतात. म्हणून गाइड काळोखात उठवतो आणि अमुक वाजेपर्यंत वर पोचलो नाही तर परत फिरायचं असं सांगतो. ती वेळ आदल्या रात्री सगळ्यांसमोर विचारून ठेवा. खिंड दोनशे मीटरवर दिसत असताना ‘भैया, बस थोडं’ म्हणत घासाघीस सुरू झाली की गाइडही कधी कधी विरघळतो, त्याला तुमची नाराजी नको असते.

पैसे भरण्याआधी काय विचारायचं

जून २०२४ मध्ये उत्तरकाशी भागातल्या सहस्रताल ट्रेकवर हिमवादळात अडकून २२ जणांच्या गटातले ९ ट्रेकर दगावले. गटासोबत स्थानिक गाइड होते. तेव्हा ‘गाइड आहे ना?’ एवढाच प्रश्न पुरत नाही. गटात किती जण, त्यांना किती गाइड, आणि कोणी थकून मागे राहिला तर त्याच्यासोबत कोण थांबणार? ऑक्सिजनचा सिलिंडर सोबत असतो की पायथ्याच्या गावात? प्रत्येक मुक्कामापासून मोटाररस्ता किती तासांवर? हवामान बिघडलं तर निर्णय जागेवरचा गाइड घेतो, की ऑफिसला विचारावं लागतं? गाइडचं प्रशिक्षण कुठलं? उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून असे अभ्यासक्रम चालवते, त्यामुळे हे विचारण्यात आगाऊपणा काही नाही. उत्तराऐवजी ‘टेन्शन मत लो सर’ मिळालं तर दुसरा बघा.

आपला नेहमीचा मेडिक्लेम उंचीवरच्या ट्रेकला आणि हेलिकॉप्टरने सुटकेला लागू आहे का, हे पॉलिसीत वाचा. एजंटच्या तोंडी हमीवर जाऊ नका. गॅसचा डबा आणि लायटर विमानात चालत नाहीत. पॉवर बँक हातातल्या सामानात लागते, काठ्या मात्र चेक-इनमध्ये. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, रात्री फोन स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. परदेशातल्या मित्राकडून सॅटेलाइट फोन किंवा तसलं संदेश पाठवणारं यंत्र आणायच्या फंदात पडू नका, भारतात परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे.

वर रेंज नसणार हे घरच्यांना आधीच सांगा. रोज रात्री फोन करतो असं आईला कबूल करून निघालात तर दुसऱ्या रात्रीपासून घरात कोणी झोपत नाही. एका कागदावर रोजच्या मुक्कामाचं गाव किंवा जागा, आयोजकाच्या ऑफिसचा नंबर, पायथ्याच्या गावातला नंबर, तुमचा रक्तगट आणि चालू औषधं लिहून फ्रिजवर लावा. त्याखाली खाली उतरायची तारीख लिहा, आणि त्यानंतर अख्खा एक दिवस वाट पाहूनच त्या नंबरांवर फोन करायचा, हेही.