चवळीच्या मुळांवर गाठी नाहीत? गच्चीवरच्या बागेत या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ग्रो बॅगेत चवळी लावली होती. पानं तळहाताएवढी, हिरवीकंच. शेंगा मात्र मोजून चार. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ही खायची चवळी आहे की शोभेची?" शेवटी एक झाड मातीसकट काढलं, बादलीत मुळं धुतली. पांढरी, गुळगुळीत. गाठ औषधालाही नाही. चवळीसारख्या शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतलं नत्र (नायट्रोजन) झाडाला वापरता येईल असं करून देतात.

चूक माझीच. कुंडीतल्या टोमॅटोला १९:१९:१९ चं (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) पाणी द्यायचो, त्यातलंच दर आठवड्याला चवळीलाही. आयतं ताट समोर आल्यावर चूल कोण पेटवणार? हवेतल्या नत्राचा एक रेणू फोडायला गाठीत एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, किमान १६ रेणू खर्ची पडतात, आणि त्याची साखर झाडाने पुरवायची. त्यामुळे झाड या बाबतीत पक्कं हिशेबी असतं. नत्राची चणचण असेल तेव्हा मूळ फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं मातीत सोडून रायझोबियम जिवाणूंना बोलावतं. जिवाणू त्यांच्या संदेशद्रव्याने उत्तर देतात, मुळावरचा केस छत्रीच्या मुठीसारखा वळतो आणि जिवाणू त्यातून आत शिरतात. त्याच वेळी मुळाच्या आतल्या थरात सायटोकायनिन हे संजीवक (झाडातलं हार्मोन) वाढतं, तिथे ऑक्झिन हे दुसरं संजीवक साठतं, पेशी विभागू लागतात आणि गाठ धरते. मातीत भरपूर नायट्रेट, म्हणजे आयतं नत्र, असेल तर ही बोलणी सुरुवातीलाच मोडतात. कुंडीत लावताना चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडं हाडांचं खत पुरे. स्फुरद गाठींना लागतंच. युरिया, डीएपी, १९:१९:१९ यांपैकी काही नको.

जिवाणूंची जास्त पावडर, जास्त गाठी?

नाही. गाठी पुरेशा झाल्या की मुळाकडून पानांकडे निरोप जातो आणि पानं उलट निरोप पाठवतात: आता बस. तुम्ही जिवाणू संवर्धकाचं (बियांना चोळायच्या रायझोबियमच्या पावडरीचं) अख्खं पाकीट ओतलंत तरी झाड आपल्याला झेपेल तेवढंच घेतं. शेतात १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धक चोळतात. आपल्या मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम बियांना सव्वा ग्रॅम झालं. गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.

प्रमाणापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पाकीट कुठल्या पिकाचं आहे ते. चवळी, मूग, उडीद, भुईमूग आणि आपला वाल यांचे जिवाणू साधारण एका घरातले. हरभऱ्याचे वेगळे, वाटाणा-मसुराचे वेगळे, मेथीचे आणखी वेगळे. हरभऱ्याच्या पाकिटाने चवळीला गाठी येत नाहीत, आणि दोष मात्र जिवाणूंना मिळतो. कोकोपीटमध्ये लावणाऱ्यांना संवर्धक हवंच, कारण त्यात हे जिवाणू मुळात नसतात. जुन्या लाल मातीत चवळीचे जिवाणू बहुधा आधीच असतात.

पाकीट बाल्कनीच्या ग्रिलवर उन्हात ठेवू नका. आत जिवंत जीव आहेत. गुलाबी रंग दिलेलं बियाणं बुरशीनाशक लावलेलं असतं, त्यावर हे चोळणं वाया. त्यापेक्षा वाण्याकडची अख्खी चवळी बरी. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची काळजी बरेच जण करतात. मी करत नाही. बी चोळायला तेवढं उकळून गार केलेलं पाणी घेतो.

पाऊस, साचलेलं पाणी आणि इथिलीन

मुंबईत खरा घोटाळा इथे होतो. जुलैत चार दिवस झड लागते, ग्रो बॅगेखालच्या ताटलीत पाणी तुंबतं आणि माती चिखल होते. गाठीला श्वास घ्यायला हवा लागते, हे एक. दुसरं, गुदमरलेलं मूळ इथिलीन हे वायुरूप संजीवक जास्त करतं आणि तो वायू पाण्यात अडकतो, कारण हवेच्या तुलनेत पाण्यात वायू सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतात. गाठींच्या बाबतीत इथिलीन म्हणजे दारावरचा पहारेकरी. मेथीच्या जवळच्या नात्यातल्या एका वनस्पतीचं ‘सिकल’ नावाचं वाण १९९७ मध्ये जगासमोर आलं. त्याला इथिलीन जाणवतच नाही, आणि त्याच्या मुळात जिवाणूंची घुसखोरी नेहमीच्या दहापटीहून जास्त. काही जिवाणू तर या पहारेकऱ्याला गप्प करतात: इथिलीन ज्यापासून बनतं तो कच्चा मालच खाऊन टाकतात.

आपल्या हातात आहे ते वाफसा राखणं, म्हणजे माती ओलसर पण मोकळी ठेवणं. ताटली काढा, बॅग दोन विटांवर ठेवा, मातीत तिसरा हिस्सा जाड रेती किंवा भाताचं तूस घाला.

संजीवकाची बाटली

फांदीला मुळं फुटायची पावडर बियांना चोळणारे पाहिलेत मी. ते ऑक्झिन. जास्त झालं की मूळ आखूड, जाड होतं आणि वर इथिलीनही वाढतं, म्हणजे पहारा आणखी कडक. सायटोकायनिनचं तर आणखी गमतीचं. लोटस नावाच्या एका रानटी शेंगवर्गीय वनस्पतीत (कमळाशी काही संबंध नाही) सायटोकायनिन ओळखणारा ग्राही कायम चालू राहील असा बदल आढळला. २००७ चं हे काम. त्या झाडांना जिवाणूंशिवाय गाठी आल्या. आत भाडेकरूच नाही, त्यामुळे नत्र शून्य.

गाठ तपासताना

झाड उपटू नका. गाठी मातीतच तुटून राहतात आणि आपण म्हणतो आल्याच नाहीत. फुलं लागताना खुरप्याने मातीचा गोळा काढून पाण्यात सोडा. गाठ मुळाच्या कडेला मण्यासारखी चिकटलेली असते, नखाने टचकन निघते. मूळच जागोजागी सुजलंय आणि फुगवटा सुटत नाही, तर ते सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अतिबारीक किडे. त्या मातीत पुन्हा चवळी नको. निघालेली गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर कामावर आहे. तो आपल्या रक्तातल्यासारख्याच हिमोग्लोबिनचा. पांढरी म्हणजे कोवळी किंवा निकामी, हिरवट-तपकिरी म्हणजे म्हातारी.

हे दहाव्या दिवशी बघू नका. समुद्रकाठच्या वाळूत होणारी बारीक समुद्र मेथी गाठी कामाला लागायच्या आतच जुडीत बांधली जाते, तिला संवर्धक चोळणं हौसच. चवळीला साधारण तीन आठवडे द्या.

यंदा मी काहीच वरखत घातलं नाही. पानं तळहातापेक्षा लहान आहेत. परवा एक गाठ फोडून नखावरचा लाल ठिपका वहिनींना दाखवला. "रक्त आलं का हो?" म्हणाल्या.