एजंटला टक्का कशाचा द्यायचा? रीसेल फ्लॅट घेताना एजंट कसा निवडायचा आणि त्याच्याकडून काय काय करून घ्यायचं

रीसेल फ्लॅट बघायला लागलं की सगळे पहिला सल्ला हाच देतात, एजंटच्या नादी लागू नको, डायरेक्ट मालकाशी बोल, तेवढेच लाखभर वाचतील. आम्ही पण तेच केलं होतं. पुण्यात सिंहगड रोडला एक टू बीएचके ऑनलाइन बघितला, घर आवडलं, माणसं चांगली वाटली, भाव पटला आणि आम्ही दुसऱ्याच दिवशी एक लाखाचा चेक टोकन म्हणून देऊन मोकळे झालो. शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सोसायटी सभासदाला देते त्या दाखल्यावर, मालकांचंच नाव होतं त्यामुळे अजून काही बघायचं असतं हे सुचलंच नाही. बँकेच्या वकिलाने फाईल परत पाठवली तेव्हा कळलं की फ्लॅट मूळचा त्यांच्या वडिलांचा, वडील गेल्यावर सोसायटीने नॉमिनी म्हणून यांचं नाव लावलं, पण नॉमिनी म्हणजे मालक नाही, दोन बहिणींचा हिस्सा तसाच होता आणि त्यातली एक हक्कसोड पत्रावर (आपला हिस्सा सोडल्याचा कागद) सही करायला तयार नव्हती. आमचे लाख रुपये परत यायला सात महिने गेले, मधे भाड्याचं घर पण बदलावं लागलं.

दुसऱ्यांदा कोथरूडमधे एका एजंटकडे गेलो. साठीचे काका, त्याच भागात वाढलेले. त्यांच्या ऑफिसमधे बसून एका फ्लॅटचं बोलणं चालू होतं, मालकाने शेअर सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं, काकांनी ते आधी उलटं केलं, मागच्या बाजूला ट्रान्सफरच्या नोंदी असतात त्या वाचल्या आणि चष्मा काढून मालकांना विचारलं, "वडील कधी गेले? आणि तुम्ही भावंडं किती?" दोन मिनिटं पण नाही लागली हो! आमचे सात महिने ज्यात गेले ते त्या एका प्रश्नात होतं.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, फ्लॅट दाखवायचे पैसे नसतात, फोटो तर आता फोनवर पण दिसतात. पैसे या प्रश्नांचे असतात, आणि जो एजंट हे प्रश्न विचारत नाही त्याला द्यायचे नाहीत.

आता निवडायचा कसा ते. एजंट एरियाचा घ्या, अख्ख्या पुण्याचा नको. पहिल्या भेटीत विचारा की गेल्या वर्षभरात या भागात कोणकोणत्या सोसायटीत तुम्ही डील केली, आणि त्यातल्या दोन घेणाऱ्यांशी बोलायचंय म्हणून सांगा. चांगला माणूस लगेच फोन लावून देतो. मग त्याचा महारेरा नंबर मागा, महारेरा म्हणजे घरांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, एजंटचा नंबर इंग्रजी ए अक्षराने सुरू होतो आणि प्रोजेक्टचा पी ने, महारेराच्या साईटवर दोन्ही तपासता येतात. रेरा कायदा २०१६ चा, महाराष्ट्रात २०१७ पासून लागू, आणि २०२३ मधे महारेराने एजंटना ट्रेनिंग घेऊन परीक्षा पास होणं पण बंधनकारक केलं. खरं सांगायचं तर कायद्यात ही नोंदणी रेराच्या प्रोजेक्टमधल्या व्यवहारांसाठी आहे, वीस वर्षं जुन्या सोसायटीतल्या रीसेलला ती अट तशी लागत नाही, तरी पण मी नंबर असलेलाच घेईन कारण त्याला तक्रारीची भीती असते.

ब्रोकरेजचं पहिल्याच दिवशी बोला आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. रीसेलला साधारण एक ते दोन टक्के, आणि बरेचदा दोन्ही पार्ट्यांकडून घेतात, तेही स्पष्ट विचारा म्हणजे तो कोणाच्या बाजूने बोलतोय याचा अंदाज राहतो. ऐंशी लाखांच्या फ्लॅटला एक टक्का म्हणजे ऐंशी हजार, एजंट जीएसटीवाला असेल तर वर १८ टक्के म्हणजे अजून १४,४०० रुपये, हे आधी कळलेलं बरं. बिल्डरकडून नवीन घर घेत असाल तर शक्यतो तुम्ही काहीच द्यायचं नाही, तिथे कमिशन बिल्डर देतो, आणि म्हणूनच तिथे एजंट जे प्रोजेक्ट सुचवेल ते जरा सांभाळून ऐका.

मग कामाला लावा. फ्लॅट बघायला जायच्या आधीच त्याला सांगा की इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), मागच्या सगळ्या ॲग्रीमेंटची चेन, शेअर सर्टिफिकेट दोन्ही बाजूंनी, कंप्लिशन सर्टिफिकेट आणि मालकाचं लोन चालू असेल तर किती बाकी आहे, याचे फोटो पाठव. मालक अनोळखी माणसाला हे देत नाही, ओळखीच्या एजंटला देतो, हा त्याचा मोठा उपयोग. इंडेक्स टू तुम्ही स्वतः पण नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्चमधे बघू शकता, फुकट आहे. आणि त्याच सोसायटीतले मागच्या एक-दोन वर्षांचे इंडेक्स टू काढायला लावा म्हणजे बाकीचे फ्लॅट केवढ्याला गेले ते कळतं आणि भाव करताना हातात कागद असतो. भाव कार्पेट एरियावर, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवर लावा, जुन्या ॲग्रीमेंटमधे बिल्टअप, सेलेबल असं काहीही लिहिलेलं असतं. मात्र एजंट म्हणजे वकील नाही, सर्च रिपोर्ट, म्हणजे फ्लॅटच्या मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, आपल्या वकिलाकडूनच काढायचा, एजंटने सुचवलेल्या वकिलाकडून सुद्धा नाही.

टोकनच्या बाबतीत मी फार कळकळीने सांगते. रक्कम छोटी ठेवा, चेक मालकाच्या नावाने द्या, एजंटच्या खात्यात एक रुपया टाकू नका, आणि विसार पावती, म्हणजे टोकनच्या अटी लिहिलेला सहीचा कागद, केल्याशिवाय देऊच नका. पावतीत एक ओळ पाहिजेच, टायटलमधे म्हणजे मालकी हक्कात अडचण निघाली किंवा त्यामुळे बँकेने लोन नाकारलं तर इतक्या दिवसात पूर्ण टोकन परत. हे आपण मालकाला म्हणालो की त्याला वाटतं आपला विश्वास नाही, काकांनी म्हटलं तेव्हा मालकाने मुकाट्याने सही केली कारण ते सगळ्यांकडूनच घेतात. "उद्या दुसरी पार्टी येतेय, आजच टोकन टाका" असं जो म्हणतो त्याच्या ऑफिसातून उठून या.

सरकारी खर्चाचा हिशोब पण त्याच्याकडून कागदावर मांडून घ्या. पुण्यात सगळं धरून स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी, ऐंशी लाखांवर तेच ऐंशी हजार वाचतात, पण नवरा-बायकोच्या जॉइंट नावाला ही सवलत नाही. ड्युटी ॲग्रीमेंटची रक्कम आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला त्या भागातला दर) यात जे जास्त असेल त्यावर लागते. रजिस्ट्रेशन जास्तीत जास्त ३०,००० रुपये. पन्नास लाख किंवा वरची खरेदी असेल तर १ टक्का टीडीएस, म्हणजे मालकाच्या रकमेतून कापायचा आयकर, आपणच कापून भरायचा असतो, आणि मालक एनआरआय असेल तर हा एक टक्क्याचा हिशोब चालत नाही, टीडीएस खूप जास्त कापावा लागतो, तेव्हा आधी सीएला विचारा. आमच्या वेळी हे एजंटनेच लक्षात आणून दिलं.

सोसायटीचं तर विचारूच नका. आमच्याकडे कमिटीने ट्रान्सफरसाठी एक लाख मागितले, डेव्हलपमेंट फंड म्हणे. काकांनी बॅगेतून २००१ च्या सरकारी परिपत्रकाची झेरॉक्स काढली, महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम २५,००० च्या वर घेता येत नाही, आणि शांतपणे सेक्रेटरींसमोर ठेवली. आम्ही पंचवीस हजारच भरले. मी एकटी गेले असते तर एक लाख भरून आले असते कारण पुढे तिथेच राहायचंय म्हणून आपण वाद घालत नाही.

एजंट नको तिथे नको सुद्धा. त्याच सोसायटीत भाड्याने राहताय आणि घरमालकाचाच फ्लॅट घेताय, किंवा नात्यातलं घर आहे, तर ते पैसे चांगल्या वकिलावर खर्च करा.

शेवटचं म्हणजे ब्रोकरेज एकदम देऊ नका, हे पण पहिल्याच दिवशी ठरवा. आम्ही अर्धं ॲग्रीमेंट रजिस्टर झाल्यावर दिलं आणि अर्धं चावी मिळून, शेअर सर्टिफिकेटवर आमचं नाव चढून, महावितरणचं बिल आणि महापालिकेचा टॅक्स आमच्या नावावर झाल्यावर. त्या बिलाच्या फॉर्मवर मालकाची सही राहिली होती आणि ते तोवर नाशिकला मुलाकडे गेले होते, काकांनी फॉर्म कुरियरने पाठवून सही आणवली, मग आम्ही उरलेला चेक दिला.