गाडीवर उडालेले भिंतीच्या रंगाचे शिंतोडे कसे काढावेत

आधी हातातला थिनर खाली ठेवा. घराला स्प्रेने रंग मारताना जवळ उभ्या असलेल्या मोटारसायकलवर बारीक कण बसले की ज्याला त्याला एकच सल्ला सुचतो: ‘चिंधीवर थिनर घे आणि पूस.’ शिंतोडे जातात, नाही असं नाही. पण थिनरला भिंतीचा रंग कोणता आणि गाडीचा कोणता हे कळत नाही. टाकीची चमक मरते, स्टिकर सुरकुततात, आणि हेडलाइटची काच प्लास्टिकची असेल तर तिच्यात जाळीसारख्या बारीक चिरा पडतात. एकदा परत रंगवून घेतलेली टाकी तर लगेच हाताला रंग सोडते. पेट्रोलचीही तीच कथा, वर आगीची भीती.

गाडी सावलीत थंड होऊ द्या आणि शाम्पूने नीट धुवा. इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग, ताजं असेल तर निम्मं काम इथेच होतं.

उरलेला रंग कोणता ते ओळखा. सीटखालच्या, न दिसणाऱ्या भागावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचं (लगेच उडून जाणारं, सफाईसाठी वापरायचं स्पिरिट) फडकं हलकेच फिरवा. गाडीचा रंग फडक्याला लागला नाही तर तेच एखाद्या डागावर फिरवा. भिंतीचा रंग फडक्यावर उतरला तर तो पाण्यात कालवायचा रंग आहे. नाही उतरला तर बहुधा ऑइल पेंट. त्याला साधं टर्पेंटाइन चालतं, तेही आधी लपलेल्या जागी तपासून, थोडं-थोडं, आणि लगेच शाम्पूने धुऊन. स्टिकरच्या कडांपासून दोन्ही लांब ठेवा.

तरीही चिकटून राहिलेल्या कणांसाठी आता क्ले बार, म्हणजे गाडीच्या रंगावर रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी. मलाही याच टप्प्याने बराच काळ छळलं, कारण सगळे सांगतात ‘क्ले घासा’, कसा ते कोणी सांगत नाही. मुळात क्ले घासायचा नसतोच, सरकवायचा असतो. छोटा तुकडा तोडून हातात मळा, बोटांखाली मावेल इतका चपटा करा. पत्र्यावर क्लेचं ल्युब्रिकंट, म्हणजे क्ले सरकावा म्हणून मारायचा बुळबुळीत फवारा, सढळ हाताने मारा. पृष्ठभाग ओला दिसून भागत नाही, तुकडा निसरायला हवा. मग सरळ रेषेत, बोटांच्या वजनाइतक्याच दाबाने पुढे-मागे न्या. गोल-गोल फिरवलंत तर ओरखडेही गोल उठतात आणि उन्हात ते लांबून दिसतात.

सुरुवातीला क्ले अडखळतो, खरखर ऐकू येते. तेव्हा जोर लावायचा मोह होतो. लावू नका, फवारा वाढवा. खरखर थांबली, तुकडा गुळगुळीत सरकला, की ती जागा झाली. खात्री नसेल तर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा, नुसत्या हाताला न जाणवणारा कणही तिच्यातून टोचतो. दर थोड्या वेळाने तुकडा उलटा करून पाहा. पांढरे ठिपके दिसले की दुमडून स्वच्छ बाजू वर काढा. आणि जमिनीवर पडलेला क्ले सरळ कचऱ्यात. ‘धुऊन वापरला तर काय होतं?’ असं विचारणाऱ्यांनी त्यात रुतलेली वाळू एकदा नखाने चाचपून पाहावी.

मॅट रंगाच्या गाडीवर क्ले आणि पॉलिश दोन्ही नको. मधेच चमकणारे चट्टे पडतात आणि ते परत मॅट होत नाहीत. तिथे शाम्पू, आणि तपासून घेतलेलं अल्कोहोल, एवढ्यावरच थांबा.

काळ्या खरबरीत प्लास्टिकला कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश. मीटरची काच आणि विंडशील्ड यांना साबणपाण्याखेरीज काही नको. ब्रेक डिस्क आयसोप्रोपिलने पुसा.

क्लेने जुनं वॅक्स निघून जातं, म्हणून शेवटी नवा हात द्या. वॅक्सचं फडकं डिस्क, टायर आणि सीटला मात्र लागू देऊ नका.