माशातील परजीवी तपासण्याची जुनी रीत

माशाच्या परजीवींचा अभ्यास शिकण्यासाठी बाजारातून आणलेला एक ताजा मासा, बारीक टोकाची कात्री, दोन सुया, चिमटा, काही बशा आणि शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक एवढे साहित्य पुरते. बेडूक आणि साप यांच्या वाटेला मात्र जाऊ नये, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांच्यापैकी अनेक जातींना संरक्षण दिले आहे. शिवाय जी शिस्त शिकायची, ती माशावरही तेवढीच शिकता येते.

तपासणी कल्ल्यांपासून सुरू करावी आणि तीही मासा घरी आणल्याबरोबर. मी एकदा रोहू रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला आणि सकाळी कल्ल्यांवर चिकट पांढऱ्या बुळबुळीखेरीज काहीच ओळखता आले नाही. कल्ल्याची प्रत्येक कमान वेगळी कापून पाण्याच्या बशीत ठेवावी आणि सुईने तिचे कंगव्याच्या दातांसारखे लाल तंतू हलकेच विंचरावेत. प्राणिशास्त्रज्ञ नॉर्डमन याला १८३२ साली ब्रीम माशाच्या कल्ल्यांवर फुलीच्या आकाराचा जो प्राणी सापडला, तो असाच शोधावा लागतो. त्याने त्याला डिप्लोझून हे नाव दिले. पुढे १८४५ मध्ये दुजार्दँ याने कल्ल्यांवरच्याच एका लहान, एकट्या कृमीला डिपोर्पा असे स्वतंत्र नाव दिले, पण १८५१ मध्ये झीबोल्टने दाखवून दिले की हा डिप्लोझूनचाच बालजीव आहे आणि अशा दोन पिलांच्या जोडणीतून फुली तयार होते. म्हणून कल्ल्यांवर दोन आकाराचे जीव दिसले, तर लगेच दोन नावे न देता दोघांचीही चित्रे काढावीत आणि मधल्या अवस्था शोधाव्यात.

त्यानंतर रक्त पाहावे, पण त्यासाठी मासा जिवंत किंवा नुकताच मेलेला हवा. हृदयातील रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन, न रंगवता, आच्छादन काच ठेवून लगेच पाहावा. संशोधक व्हॅलेंटिनला १८४१ साली ट्राउट माशाच्या रक्तात आणि ग्रुबीला १८४३ साली बेडकाच्या रक्तात जे सूक्ष्म परजीवी दिसले, ते त्यांच्या हालचालीमुळेच लक्षात आले. ग्रुबीने त्यांना दिलेल्या ट्रायपॅनोसोमा या नावात गिरमिटाचा अर्थ आहे, आणि थेंबात रक्तपेशींना ढुसण्या देत वळवळणारी ती आकृती पाहिली की नाव पटते.

आता पोट उघडावे. १०० मिली पाण्यात सुमारे ०.७ ग्रॅम मीठ विरघळवून द्रावण करावे, कारण साध्या पाण्यात बरेच कृमी फुगून फुटतात. जठर, आतडे, यकृत, पित्ताशय आणि वाताशय (माशाची हवेची पिशवी) या द्रावणाच्या वेगवेगळ्या बशांत ठेवावेत. हे बजावून सांगतो, कारण सगळे अवयव एकाच बशीत मिसळले, की कृमी कोठून आला हे कधीच कळत नाही. शिवडा मासा मिळाला तर त्याचे वाताशय जरूर उघडावे: आयसोपार्ऑर्किस हा मोठा पर्णकृमी (पानासारखा चपटा कृमी) तेथेच राहतो आणि नुसत्या डोळ्यांनी दिसतो. शरीरपोकळीतही नजर टाकावी. आबिल्डगार्ड याने १७९० च्या सुमारास स्टिकलबॅक माशांच्या शरीरपोकळीतील पट्टकृमी (फितीसारखे चपटे कृमी) बदकांना खाऊ घातले आणि ते बदकांच्या आतड्यात वयात आलेले त्याला सापडले. माशात अर्धवट वाढलेला दिसणारा कृमी दुसऱ्याच प्राण्यात पूर्ण होतो, हे त्यामुळे प्रयोगाने दिसले. त्यामुळे जननेंद्रिये न आढळणारा कृमी "निकामी नमुना" म्हणून फेकू नये.

टिकवण्याची रीत कृमीनुसार बदलते. गोलकृमी गरम केलेल्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकल्यास सरळ होऊन मरतात. थंड द्रवात ते वेटोळे घालतात आणि मग मोजमाप चुकते. अल्कोहोल पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवावे, उघड्या ज्योतीवर कधीही नाही. काटेरी सोंडेचे कृमी मात्र मिठाच्या द्रावणाऐवजी थंड साध्या पाण्यात काही तास ठेवावेत, म्हणजे सोंड बाहेर येते. सोंड आत राहिली तर तिच्यावरचे काटे मोजता येत नाहीत आणि ओळख अडते. पर्णकृमी दोन काचपट्ट्यांमध्ये हलक्या दाबाने चपटे करून स्थिर करावेत, म्हणजे टिकवणाऱ्या द्रवाने त्याच आकारात पक्के करावेत. घाईत जास्त दाबले की अंडी बाहेर पडतात, आणि अशा चिरडलेल्या नमुन्यावर कोणी नवी जात वर्णन करू लागले, तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

शेवटी चिठ्ठी. माशाचे नाव, त्याची लांबी, मासा कोणत्या पाण्यातला, तारीख, अवयव आणि कृमींची संख्या पेन्सिलीने जाड कागदावर लिहून ती कुपीच्या आत टाकावी. शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी वर्षभरात गळून पडते.