कार्डाची मागची बाजू आधी वाचा

जुनी फुटबॉल कार्डं, म्हणजे बहुतेक सिगारेटच्या पाकिटांत मिळणारी इंग्लिश फुटबॉलपटूंची चित्रं, जमवायची असतील तर पैसे खर्च करण्याआधी एक सवय लावून घ्या. कार्ड हातात आलं की आधी ते उलटायचं. पुढे रंगीत चित्र असतं, खेळाडूचा चापून बसवलेला भांग, क्लबची जर्सी. मागे बारीक टायपात सेटचं नाव, कार्डाचा नंबर, सिगारेट कंपनीचं नाव आणि त्या खेळाडूची चार-सहा ओळींची हकिकत असते. मी शाळेत ग्रंथपाल होते. पुस्तक आलं की मुखपृष्ठाआधी आतलं प्रकाशनाचं पान बघायचं, हे तिथे अंगवळणी पडलं. तेच कार्डांच्या बाबतीत उपयोगी पडलं.

ही कार्डं आली कुठून, ते थोडक्यात सांगते. कागदी पाकिटातल्या सिगारेटी दबू नयेत म्हणून आत जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालत. मग कंपन्यांनी त्यावर चित्रं छापायला सुरुवात केली, म्हणजे गिऱ्हाईक पुढचं चित्र मिळवायला तीच सिगारेट घेईल. नेहमीचं माप साधारण ६८ बाय ३६ मिलिमीटर. सिगारेटीशी संबंध नसलेली कार्डंही होती. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे जॉन बेन्स १८८० च्या दशकापासून ढालीच्या आकाराची फुटबॉल कार्डं मुलांना विकत. १९४० मध्ये युद्धातल्या कागदटंचाईने इंग्लंडमधली सिगारेट कार्डं बंद पडली.

आता खान्देशात ही कशी सापडणार, असं विचाराल. विल्स कंपनीची ‘सिझर्स’ नावाची सिगारेट हिंदुस्थानात खपायची, गोऱ्या पलटणींत तर फारच. त्या पाकिटांसाठी कंपनीने १९०७ मध्ये क्लबांच्या रंगांचा आणि १९१४ मध्ये नामवंत फुटबॉलपटूंचा, असे पन्नास-पन्नास कार्डांचे सेट काढले. आमचं भुसावळ जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं मोठं जंक्शन. लोको शेडच्या आसपास अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि फोरमनची घरं होती. आमच्या क्वार्टरशेजारच्या आंटी ऑस्ट्रेलियाला लेकाकडे निघाल्या, तेव्हा त्यांनी बिस्किटांचा एक डबा माझ्या हातात ठेवला. आत त्यांच्या आजोबांची कार्डं होती. म्हणून सांगते, रेल्वेच्या जुन्या वस्तीत कुणी घर आवरत असेल तर भांड्यांआधी कागदांची चौकशी करा. रद्दीवाल्या भाऊंनाही सांगून ठेवा की जुने अल्बम आणि डबे वजनावर टाकण्याआधी दाखवा. मुंबईला गेलात तर चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या पोस्टकार्डांच्या पेट्या असतात, त्यांच्या तळाशी बघा.

कार्ड मिळालं, पण साल छापलेलं नाही, असं नेहमी होतं. मला यातलंच काम सगळ्यात जास्त आवडतं. क्लबचं नाव बघा. ‘वुलिच आर्सेनल’ लिहिलं असेल तर कार्ड पहिल्या महायुद्धाआधीचं, कारण क्लब १९१३ मध्ये लंडनमधल्या हायबरीला गेला आणि लवकरच नावातलं वुलिच गळलं. ‘लेस्टर फॉस’ असेल तर १९१९ च्या आधीचं, त्यानंतर तो लेस्टर सिटी झाला. ‘स्मॉल हीथ’ दिसलं तर १९०५ च्या आधीचं, पुढे त्याचं बर्मिंगहॅम झालं. आर्सेनलच्या लाल जर्सीला पांढऱ्या बाह्या असतील तर चित्र १९३३ किंवा नंतरचं. आणि पाठीवर नंबर नाही म्हणून शंका घेऊ नका. इंग्लंडच्या लीगमध्ये नंबर पहिल्यांदा १९२८ मध्ये दिसले आणि सक्तीचे झाले १९३९ मध्ये.

खेळाडूच्या बदल्यांवरूनही साल काढता येतं. स्टीव्ह ब्लूमर हा डर्बी काउंटी क्लबचा गोलंदाज नव्हे, गोलांचा बादशहा. इंग्लंडकडून २३ सामन्यांत २८ गोल. मार्च १९०६ मध्ये तो मिडल्सब्रोला गेला आणि १९१० मध्ये डर्बीला परतला. म्हणजे मिडल्सब्रोच्या रंगातलं त्याचं कार्ड त्या चार-साडेचार वर्षांतलंच धरायचं. हाच ब्लूमर १९१४ च्या उन्हाळ्यात प्रशिक्षक म्हणून बर्लिनला गेला, काही दिवसांत महायुद्ध पेटलं आणि इंग्रज म्हणून त्याला तिथल्या रूहलेबेनच्या छावणीत डांबलं गेलं. कार्ड बघताना हे ठाऊक असलं की त्या चेहऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं.

असे आणखी काही चेहरे ओळखून ठेवा. बिली मेरेडिथ, वेल्सचा, लहानपणी कोळशाच्या खाणीत कामाला होता. खेळताना तोंडात दात कोरायची काडी असायची आणि वेल्सकडून शेवटचा सामना खेळला तेव्हा वय ४५. विल्यम फुल्क हा शेफील्ड युनायटेडचा गोलकीपर, पुढे वजन सव्वाशे किलोच्या वर गेलं. तो डर्बीशायरकडून क्रिकेटही खेळला आणि १९०५ मध्ये चेल्सीचा पहिला कॅप्टन झाला. त्याच वर्षी आल्फ कॉमनला मिडल्सब्रोने संडरलंडकडून एक हजार पौंडांना घेतलं, तोवर एवढी रक्कम कुणी मोजली नव्हती. व्हिव्हियन वुडवर्ड पेशाने आर्किटेक्ट, खेळाचे पैसे घेत नसे, पण १९०८ आणि १९१२ च्या ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या संघांचा कॅप्टन तोच. आणि डिक्सी डीन, १९२७-२८ च्या एका मोसमात एव्हर्टनकडून लीगमध्ये ६० गोल. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

सुरुवात मात्र या मोठ्या नावांनी करू नका. त्यांची किंमत जास्त असते आणि नकली मालही त्यांचाच जास्त निघतो. माझं मत स्पष्ट आहे, १९२० आणि ३० च्या दशकातला पन्नास कार्डांचा एक सेट निवडा आणि सावकाश पुरा करा. सिगारेट कंपन्यांपैकी जॉन प्लेयरचा १९२८ चा, विल्सचे १९३५ आणि १९३९ चे, चर्चमनचे १९३८ आणि १९३९ चे सेट चांगले. त्यातली साधी कार्डं ब्रिटनमधल्या विक्रेत्यांकडे बहुधा एक-दोन पौंडांत मिळतात. टपालखर्च कार्डापेक्षा जास्त होतो, म्हणून यादी करून एकाच विक्रेत्याकडून एकदम मागवा. गॉडफ्रे फिलिप्स या सिगारेट कंपनीच्या ‘पिनेस’ कार्डांच्या नादी आत्ताच लागू नका. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला निघालेली ती कार्डं २४०० च्या वर आहेत, पुढे घ्यायचीच झाली तर त्यातला तुमच्या आवडीचा एखादा क्लब धरा. युद्धानंतरचं काही स्वस्तात हवं असेल तर ‘टर्फ’ सिगारेटीची १९४८ ची निळ्या छपाईची कार्डं बघा. ती पाकिटाच्या आतल्या सरकत्या भागावरच छापलेली असत आणि मुलं कात्रीने कापून घेत. म्हणून कडा वाकड्या असल्या तरी दचकू नका, न कापलेलं मिळालं तर जपून ठेवा.

अस्सल-नकली ओळखायला जळगावच्या सराफ बाजारातून दहापट मोठं दाखवणारं भिंग आणा. माझा भाचा तिथेच कामाला आहे. मी कार्ड भिंगाखाली धरलं तेव्हा म्हणाला, “मावशी, यात खडा कुठे आहे?” मी त्याला ठिपके दाखवले. पहिल्या महायुद्धाआधीची बहुतेक रंगीत कार्डं दगडी छापाची, लिथोची. त्यात रंग सलग दिसतो किंवा ठिपके हाताने टाकल्यासारखे अनियमित असतात. नव्या प्रतीत मात्र चार रंगांच्या ठिपक्यांची एकसारखी नक्षी दिसते. दुसरी परीक्षा नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याची. कागद झगझगीत दिसावा म्हणून घालतात ती रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली, त्यामुळे नवा कागद त्या उजेडात निळसर चमकतो, जुना मंद राहतो. शिवाय पट्टीने माप घ्या. झिजलेले कोपरे लपवायला कडा कापलेलं कार्ड त्याच सेटमधल्या बाकीच्यांपेक्षा लहान भरतं.

जपणुकीबद्दल कळकळीने सांगते. लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे मार्कशीटपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं लॅमिनेट करायची पद्धत आहे, पण तापलेलं प्लास्टिक कार्डात कायमचं मुरतं. फेविकॉल नको, सेलोटेप नको. वास मारणारे मऊ पीव्हीसी पाऊच नकोत, पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. डांबरगोळ्या कार्डांच्या पेटीत ठेवू नका. कसर आणि वाळवी टाळायला कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि महिन्याला उघडून बघा.

आपल्याकडचा मे महिना कार्डांना फार वाईट. पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी पडते आणि कार्डं वाळून वळतात. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा लोखंडी ट्रंकेत ती ठेवू नका, घरातल्या सगळ्यात थंड खोलीच्या आतल्या भिंतीशी ठेवा. कूलरच्या झोताच्या वाटेतही नको. पावसाळ्यात उलटा त्रास. १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरच्या बऱ्याच कार्डांना मागे डिंक असतो, कारण ती एक पेनीच्या अल्बममध्ये चिकटवायची होती. गठ्ठा बांधून ठेवलात तर ओल धरून एकमेकांना चिकटतात. प्रत्येक कार्ड वेगळ्या पाऊचमध्ये हवं, पेटीत सिलिका जेलची पुडी हवी. आधीच अल्बममध्ये चिकटलेली कार्डं सोडवायला जाऊ नका, अल्बम तसाच सांभाळा.

एक वही करा. सेट, नंबर, खेळाडू, क्लब, कुठून मिळालं, किती पैसे दिले आणि मागच्या मजकुरातली एखादी नोंद. कार्डावर मात्र पेन्सिलसुद्धा टेकवायची नाही. दुबार कार्डं निघाली की याच वहीवरून अदलाबदल करता येते. पाठवताना कार्ड पाऊचमध्ये घाला, दोन्ही बाजूंना कार्डापेक्षा बोटभर मोठे पुठ्ठे लावा आणि टेप फक्त पुठ्ठ्यांच्या कडांना चिकटवा. वर एक प्लास्टिकची पिशवी, मग लिफाफा, आणि स्पीड पोस्टाने पाठवा. आत तुमचा पत्ता लिहिलेली चिठ्ठीही ठेवा, बाहेरचा लिफाफा फाटला तर उपयोगी पडते.